तीट

रुवैसला रात्र कधी पुरती होत नाही.
रिफायनरीची मशाल खिडकीत असते,
पडदा ओढला तरी भिंतीवर
नारिंगी काहीतरी हलत राहतं.
शिफ्ट संपवून अकराला येते,
कपाळावर हेल्मेटचा वळ,
सकाळचा करक चहा गरम करते
आणि तारा उघडते. लॅपटॉपवर.
आकाशात इथून तसंही
धूळ सोडून फारसं काही उगवत नाही.

दिवसभर मी गेजसमोर असते.
सुई थरथरली
तर वाफ थरथरली की नुसतीच सुई,
एवढं सांगण्याचा मला पगार.

शनिवारच्या बैठकीत शम्सानं विचारलं,
लहान मुलं कोण घेणार?
सगळ्यांना पोक्त तारे हवे होते,
एका रेषेत तेवणारे.
मी माइक सुरू करून नुसतीच खाकरले,
तेवढ्यावर हा माझ्या वाट्याला आला.

वय चार कोटी वर्षं.
म्हणजे ओठांवरचं दूध वाळलेलं नाही.
तीन दिवसांत स्वतःभोवती गिरकी,
मध्येच अंगाचा भडका, मग रुसवा,
आणि डाग असे की अर्धा गाल काळा.
आमच्या तिसऱ्या युनिटचा कॉम्प्रेसर
बंद पडायच्या आदल्या दिवशी
असाच वागला होता.

आत्या बाळांना तीट लावायची.
काजळाचं बोट टेकतंय तोवर
पोर मान फिरवायचं,
ठिपक्याऐवजी गालभर फराटा.
मग पदराचं टोक ओलं करून पुसणं,
पुन्हा बोट, पुन्हा मान.
मी सध्या तेच करते.
ताऱ्याचा स्वभाव पुसायचा, ठिपका ठेवायचा.
जोरात पुसलं तर ठिपकाही जातो.
हलक्या हातानं पुसलं
तर पोराची प्रत्येक उचकी ग्रह वाटते.

अठराव्या रात्री एक खाच उरली.
अडीच तासांची.
हजार रुपयांत आठ आणे कमी,
एवढीच खोट.
डाग सावकाश कलतो, सावकाश मावळतो.
ही तशी नव्हती. उंबऱ्यासारखी होती,
पाऊल खाली, काही वेळ, पाऊल वर.

आठ दिवस सहा तासांनी दुसरी.
तेवढीच खोल.

मी उठून चहाचं पातेलं घासलं,
स्वच्छ होतं तरी.

मग हिशेब मांडला.
पृथ्वीच्या अडीचपट रुंद काहीतरी,
अंगावर अजून जन्माची दुलई, हलक्या वायूची,
आणि तारा ती रोज थोडी ओढून नेतोय.
मोठं होता होता हे लहान होणार.
शेवटी उघडा दगड उरेल
की दगडाभोवती थोडी ऊब,
शम्साचा सगळा प्रबंध त्यावर आहे.

तिसरी खाच जिथे पडायला हवी
तिथे आलेख कोरा.
उपग्रह त्या रात्री पृथ्वीकडे वळून
जमवलेलं सांगत बसला होता,
आणि सांगताना त्याला बघता येत नाही.

शम्साला मी तीट समजावली,
माझ्या मोडक्या अरबीत.
ती म्हणाली, आम्ही सुरमा डोळ्यांत घालतो,
गालावर वाया नाही घालवत.
मग हसू आवरून: दोनदा म्हणजे योगायोगही असेल.
तो भाग पुन्हा दिसेल पुढच्या मार्चमध्ये.

माझं काँट्रॅक्ट डिसेंबरपर्यंत आहे.

यादीत त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं.
फाइलला नुसता आकडा.
नाव ठेवायचा मान आत्याचा,
आणि बारशाला अजून वेळ आहे.

तीन वाजून बारा मिनिटांनी
भिंतीवरचं नारिंगी एकदा खाली गेलं, वर आलं.
शमाल सुटला होता, वाऱ्यानंच असणार.
तरी मी वहीत वेळ लिहून ठेवली.